गळ्यातून किंवा किडनीतून

माझ्या बहिणीची मांडी कापूस वेचताना मोडली. ती पडली नव्हती. ओटी भरली म्हणून ती रिती करायला वाकली, आणि उठता उठता आतून काडी मोडल्यासारखा आवाज आला. शेजारच्या सरीतल्या बाईलाही तो ऐकू आला म्हणे. त्रेचाळीस वर्षांच्या, रोज रानात राबणाऱ्या बाईचं मांडीचं हाड असं उभ्या उभ्या मोडत नाही. परभणीच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि लगेच सांगितलं की हे आतून पोखरलंय. त्यांनी सळई घालून हाड जोडलं, आतला तुकडा तपासायला पाठवला आणि तो रिपोर्ट आला की संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले.

पुढचं सांगण्याआधी मला एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. शेवटी सांगायची ठेवली तर मी सांगणारच नाही, माझा स्वभाव मला माहीत आहे. बावीस वर्षांपूर्वी ह्याच बहिणीच्या गळ्यातली एक गाठ काढली होती. तिचा तपासणीचा रिपोर्ट आणायला मला नांदेडला पाठवलं. मी गेलो, आणि रिपोर्ट न घेता परत आलो. घरी सांगितलं, साधी गाठ आहे. हे मी आईला कधी सांगितलं नाही, बहिणीला नाही, बायकोलाही नाही.

बायकोला का नाही, हे कळायला आमच्याकडचं साटंलोटं कळलं पाहिजे. ज्या घरात आपली मुलगी द्यायची, त्याच घरची मुलगी आपण करून घ्यायची. एकाच मांडवात दोन लग्नं लागतात, आणि दोन्हीकडची लेक एकमेकांच्या घरात असल्यामुळं कुणी कुणाला फार त्रास देत नाही. माझ्या बहिणीचा नवरा म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ. मी त्याला दाजी म्हणतो, तो मला दाजी म्हणतो. फोन लागला की इकडून ‘दाजी बोलायलोय’ आणि तिकडूनही ‘दाजीच बोलायलोय’. ह्या विनोदाला बावीस वर्षं झाली, तरी तो अजून हसतो.

साटंलोट्यात एक लग्न मोडलं की दुसरं आपोआप मोडतं.

सुपारी फुटल्यावर महिन्याभरात बहिणीच्या गळ्यात, डाव्या बाजूला, लिंबाएवढी गाठ दिसायला लागली. घास गिळला की ती वरखाली व्हायची. आईनं तिला पदर गळ्याशी घट्ट धरायला शिकवलं. जिंतूरच्या डॉक्टरांनी नांदेडला पाठवलं. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यातली निम्मी थायरॉइड ग्रंथी काढावी लागेल, आणि काढलेली गाठ तपासल्याशिवाय काही बोलता येणार नाही. आम्ही गावात आणि जिथं सोयरीक ठरली त्या बोरीकडच्या पाव्हण्यांना सांगितलं की पोरगी मामाकडं गेलीय. ऑपरेशन झालं. गळ्यावर आडवा, बोटभर लांब व्रण राहिला. त्याचं काय सांगायचं, हा प्रश्न घरात आला तेव्हा उत्तर मी काढलं: गोऱ्ह्यामागं पळताना काटेरी तारेवर पडली. सगळ्यांना ते पटलं. बापानं माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. मला नुकतीच शाळेत नोकरी लागली होती, आणि घरातला शिकलेला मीच.

पंधरा दिवसांनी मी रिपोर्ट आणायला गेलो. लग्न आठ दिवसांवर होतं. मानवतला बस्ता बांधून झाला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. खिडकीपुढं रांग होती. माझ्यापुढच्या माणसानं आईचा रिपोर्ट घेतला, न वाचताच चारपदरी घडी करून खिशात घातला आणि गेला. माझी पावती पाहून खिडकीतल्या माणसानं गठ्ठ्यातून एक पाकीट काढलं, त्याच्या कोपऱ्यावरचं काहीतरी वाचलं आणि ते बाजूला वेगळं ठेवलं.

“हा डॉक्टरांना भेटूनच न्यायचा. तीननंतर या.”

“काही आहे का त्यात?”

“मला काय माहीत? भेटून द्या म्हणून लिहिलंय.”

तेव्हा अकरा वाजले होते. समोर बाकडं होतं, त्यावर बसलो. रांगेतली माणसं येत होती, कागद घेत होती, जात होती. दुसऱ्या कुणालाही भेटून न्या म्हणाले नाहीत. मी ते मोजत होतो असं नाही, पण बघत होतो. पावणेदोनला उठलो, बसस्टँडवर आलो आणि परभणीच्या गाडीत बसलो.

गाडीत मी मनाशी ठरवलं होतं की लग्न झालं की लगेच येऊन रिपोर्ट नेऊ. पंधरा दिवसांनी असा काय फरक पडतो? हे खोटं वाटेल, पण तेव्हा खरंच ठरवलं होतं.

आणि आणखी एक. माझं जिच्याशी ठरलं होतं ती मुलगी मला आवडली होती. पाहायला गेलो तेव्हा पोहे पुढं ठेवता ठेवता तिनं सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, “गुरुजी, तुमी पोरांना छडी मारता का?” मी घाईघाईनं पोह्यांचा घास तोंडात घातला, आणि ती हसली. बहिणीचा रिपोर्ट वाईट निघाला असता तर पाव्हण्यांनी सुपारी परत केली असती, आणि ही मुलगी दुसरीकडं गेली असती. नांदेडच्या त्या बाकड्यावर मी पावणेतीन तास बहिणीचा विचार करत होतो असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. तसं नव्हतं.

घरी आलो तेव्हा आई ज्वारी निवडत होती. बहीण दारातच उभी होती.

“काय म्हणले?”

“साधी गाठ हाय म्हणले.”

“आन् कागद?” आईनं विचारलं.

“कागद त्यांच्याकडंच ठेवतेत.”

बहीण तिथंच खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. मग हसली. आईनं सूप बाजूला ठेवून माझ्या तोंडावरून हात फिरवला. त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगायचं? लग्नात बहिणीच्या ठुशीखाली पांढरी पट्टी होती. मी नवरदेव म्हणून बाजूच्या पाटावर होतो, मला ती दिसत होती.

मी नांदेडला परत गेलो नाही. आधी गोंधळ होता, मग शाळा सुरू झाली, मग बहीण पहिल्या बाळंतपणाला आली. मुलगी धडधाकट झाली आणि मी तो पुरावा धरला. आत काही वाईट असतं तर इतकी वर्षं दिसलं नसतं का? दरवर्षी भाऊबीजेला ती ओवाळायला पुढं वाकली की माझी नजर आधी तिच्या गळ्यावर जायची. व्रण पुसट होत गेला. मी मात्र तिथंच पाहत राहिलो. तिचं थोडंसं दुखलं-खुपलं कळलं की मी लगेच दाजीला फोन लावायचो, आणि ताप साधा निघाला की मी तिच्यापेक्षा जास्त खूश व्हायचो. बायको म्हणायची, “बहिणीवर लयच जीव हाय तुमचा.”

तर संभाजीनगरचा दवाखाना. तुकड्याचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. बहीण चाकाच्या खुर्चीत होती, तिच्या मागं दाजी, बाजूला मी. माझी बायको दारापाशी. डॉक्टर चाळिशीचे होते आणि शांतपणे समजावून सांगत होते. म्हणाले, ह्या पेशी हाडाच्या नाहीत. दुसरीकडून येऊन हाडात बसल्या आहेत. कुठून आल्या ते शोधायला त्यांच्यावर खुणेचं रसायन टाकून पाहतात. पॅक्स-आठ नावाचं एक जनुक आहे. आईच्या पोटात बाळ घडत असतं तेव्हा हे जनुक गळ्यातली थायरॉइड घडवायला लागतं आणि मूत्रपिंड घडवायलाही. बायकांत गर्भाशयाकडच्या भागातही ते असतं. जनुक सगळ्या पेशींत असतं, पण जागं असतं ते एवढ्याच ठिकाणी. पेशी मूळ घर सोडून दुसरीकडं गेली तरी ही खूण सहसा सोडत नाही.

“आणि ह्यांच्या हाडात ती खूण सापडलीय. गर्भाशयाकडचा भाग तपासला, तो स्वच्छ आहे. म्हणजे हे गळ्यातून आलंय, किंवा किडनीतून. आणखी दोन-तीन खुणा पाहिल्या असत्या तर नक्की कळलं असतं, पण हाडाचा तुकडा मऊ करायला आम्लात ठेवावा लागतो, त्यात त्या नीट उमटल्या नाहीत.” मग त्यांनी समोरचा कागद पाहिला. “गळ्यावरचा व्रण तारेचा आहे, असं लिहिलंय.”

“हो,” दाजी म्हणाला. “लग्नाआधीचा.”

“गळ्याचं कधी काही दुखणं? ऑपरेशन?”

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. अगदी क्षणभर. तिला वाटत होतं की ती सासरी बावीस वर्षं सांगत आलेली एक बारीक लबाडी उघडी पडतेय, एवढंच. त्या लबाडीच्या खाली काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडं पाहिलं.

“न्हाई,” ती म्हणाली.

“हाताला गळ्यात काही लागत नाही,” डॉक्टर म्हणाले, “आणि किडनीत गाठ समोर दिसतेय. तेव्हा आपण किडनी धरून चालू. बुधवारी ऑपरेशन.”

बाहेर आल्यावर दाजीनं माझं मनगट धरलं. “दाजी, तुमी इज्ञान शिकवता. मला त्या जनुकाचं काय कळंना. आपल्या भाषेत सांगा.”

दहावीच्या वर्गाला मी आनुवंशिकता शिकवतो. पेशी, केंद्रक, गुणसूत्र, जनुक, सगळं फळ्यावर रंगीत खडूनं काढतो. दवाखान्याच्या त्या बोळात मी दाजीला, बायकोला आणि बहिणीला नीट समजावून सांगितलं. सगळं बरोबर सांगितलं. फक्त डॉक्टर म्हणाले होते, गळ्यातून किंवा किडनीतून. मी म्हणालो, “हे किडनीतून येतं. गळ्यातून बी येतं म्हणे कधी कधी, पर किडनीत गाठ दिसायलीच की.”

“मी म्हणतच व्हतो,” दाजी म्हणाला. “आमच्या गावचं पाणीच खारं. घरटी एक मुतखडेवाला हाय.”

“तुमी तर पाणी पितच न्हाई,” बहीण म्हणाली. “च्याच पिता दिवसभर. तुमची किडनी कशी काय नीट हाय?”

सगळे हसले. मीही हसलो. किडनीवर सगळ्यांचं एकमत झालं, आणि ते मी घडवून आणलं होतं. मग मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. तिची चांगली किडनी काढतील, हे मला कळत होतं. मूळ गळ्यात राहील, हेही. हे टाळायला एकच वाक्य पुरेसं होतं, आणि ते वाक्य बोललो तर बावीस वर्षं मागं जाऊन सगळं मोडणार होतं: तिचा संसार, माझा संसार, आईनं तोंडावरून फिरवलेला हात. निदान मला तसं वाटत होतं. रविवार गेला. सोमवारी दाजीनं विचारलं, “जेवला का न्हाई तुमी?” मी म्हणालो, पोट बिघडलंय.

मंगळवारी दुपारी संमतीचा कागद आला. बारीक अक्षर होतं. बहीण म्हणाली, “दादा, तूच वाच. माझा चष्मा घरी हाय.” खाटेपाशी स्टुलावर बसून मी एकेक ओळ वाचत गेलो. नाव, वय, रक्तगट. पूर्वी झालेली शस्त्रक्रिया. त्यापुढं कुणीतरी लिहिलं होतं, नाही. मी वाचलं, “नाही.”

ती हळूच म्हणाली, “व्हय रे, ते आता सांगायला नको. ह्यांना काय वाटंल, इतकी वर्षं फसवलं म्हणून.” आणि पेन हातात घेतलं. “मी भेत न्हाई बघ. त्या येळेस बी तूच सांगितलं व्हतंस साधी हाय म्हणून, आन् साधीच निघाली की. आता तू किडनीचं म्हणतोस तर किडनीच आसंल.”

तिनं सही करायला कागद ओढला, तो माझ्या हातातून सुटेना. मी तो घट्ट धरून ठेवला होता. ती हसायला लागली. “सोड की. फाटंल.”

मी कागद घेऊन उठलो आणि सरळ डॉक्टरांकडं गेलो. बाहेर चार माणसं थांबली होती, त्यांना ओलांडून आत शिरलो. म्हणालो, गळ्यावरचा व्रण तारेचा नाही. बावीस वर्षांपूर्वी निम्मी थायरॉइड काढलीय, नांदेडला.

“रिपोर्ट?”

“नाही.”

“हरवला?”

हरवला म्हणणं किती सोपं होतं. त्यांनीच शब्द हातात दिला होता.

“आणलाच नाही,” मी म्हणालो. “मी आणायला गेलो होतो. डॉक्टरांना भेटून न्या म्हणाले, तर मी न भेटता निघून आलो.”

त्यांनी मला काही म्हणायच्या आधी फोन उचलला आणि उद्याचं ऑपरेशन थांबवा म्हणून सांगितलं. फोन ठेवून म्हणाले, थायरॉइडच्या गाठीची एक जात अशी आहे की वीस-वीस वर्षं गप्प राहते आणि मग हाडात निघते. मग माझ्याकडं पाहिलं. “हे घरच्यांना तुम्ही सांगणार की मी सांगू?”

मी सांगितलं. वॉर्डात, खाटेपाशी, तिघांसमोर. कसं सांगितलं ते आठवत नाही. उभ्यानंच सांगितलं, एवढं आठवतं.

पहिल्यांदा दाजी बोलला. “ऑपरेशनाचं मला म्हाईत हाय.”

बहिणीनं मान वर केली.

“तारेनं कापलं तर वाकडंतिकडं कापतं, दाजी. मी जल्मभर तारा ओढल्यात. हे टाक्याचं हाय, हे मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं व्हतं. हिला सांगायची लाज वाटती म्हणून इचारलं न्हाई. डॉक्टरला बी न्हाई बोललो, हिच्या तोंडावर कसं बोलायचं? मला वाटलं, जुनी गोष्ट, मिटलेली.” मग तो माझ्याकडं वळला. “पर रिपोर्टाचं... ते मला म्हाईत न्हवतं.”

म्हणजे तारेच्या गोष्टीची कुणालाच गरज नव्हती. ती दोघं एकमेकांना सांभाळत गप्प राहिली होती. खरोखर काही दडवून ठेवणारा त्या घरात एकटा मीच होतो.

माझ्या बायकोनं मला एकच विचारलं. “आपलं लगीन मोडंल म्हणून?”

“हो.”

“मला इचारायचं तरी,” ती म्हणाली. “मी थांबले असते.” आणि ती बाहेर गेली. त्या दिवसानंतर ती माझ्याशी बोलते, जेवायला वाढते, शाळेचा डबा देते. पण बहिणीवर माझा जीव आहे, असं परत कधी म्हणाली नाही.

बहीण भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. उठून जायची सोय नव्हती तिला, मांडीत सळई होती. मी समोर उभा, आणि तिला माझ्यापासून तोंड फिरवायला फक्त ती भिंत. शेवटी दाजी म्हणाला, “दाजी, तुमी जरा बाहेर थांबा.”

गळ्याची तपासणी झाली, रक्ताची झाली. उरलेल्या ग्रंथीत बाजरीएवढं काही दिसलं. फक्त थायरॉइडच्या पेशीच सोडतात ते प्रथिन रक्तात भरपूर निघालं. किडनीतली गाठ पुन्हा बारकाईनं तपासली, ती नुसती पाण्याची निघाली. तिला कुणी हात लावला नाही. पॅक्स-आठनं दाखवलेल्या दोन वाटांपैकी कुठली खरी, ते आता नक्की कळलं होतं. उरलेली ग्रंथी काढली. नंतर एक औषध प्यायला देतात, किरणोत्सारी आयोडिन. ते थायरॉइडच्या पेशींना शोधत हाडापर्यंत जातं. ते घेतल्यावर माणसाला काही दिवस एकट्यानं एका बंद खोलीत राहावं लागतं, कुणी आत जायचं नाही. लवकर दिलं असतं तर किती उपयोग झाला असता, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “आता त्याचा विचार नको.” ह्या उत्तराचा अर्थ मला कळतो.

त्या खोलीत जायच्या सकाळी, दीड महिन्यांनी, ती माझ्याशी बोलली. दाजी पिशवी द्यायला आत गेला होता. ती कुबडीवर उभी होती, गळ्यावर जुन्या व्रणाच्या जागी नवी लाल रेघ.

“हे म्हणतेत, तू सांगितलंस म्हणून किडनी वाचली,” ती म्हणाली. “मी म्हणते, तू सांगितलं न्हाईस म्हणून मांडी गेली. दोन्ही खरंच हाय. मी लय दिवस इचार केला, कोणतं जास्त खरं म्हणून. मला काय ठरवता येईना.”

मी म्हणालो, “ठरवू नको.”

“तू मला सांगू नको काय करायचं ते.” आवाज चढला नाही तिचा. “माझ्या पोरींना सगळं सांगितलंय मी. धाकटी म्हणती, मामाच्या घरी जायचं न्हाई. मोठी म्हणती, जायचं. त्यांचं त्या बघतील. मी मधी पडणार न्हाई.”

नर्सनं हाक मारली. बहिणीनं कुबडी पुढं टेकवली, दोन पावलं गेली आणि वळली.

“घरी जा. हितं बसून काय करणार? आत कुणालाच येऊ देत न्हाईत.”

दार जाड होतं, लागताना आवाज झाला नाही. दाजी खाली चहा प्यायला गेला, त्यानं मला चल म्हटलं नाही. मी बाहेर थांबलो. नर्स दोनदा येऊन सांगून गेली की इथं थांबायची परवानगी नाही. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. तिथून ते दार दिसत होतं.